कलम दोन, सातवी व्याख्या

मसुदा नववा. सोहारच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत टिपटिपतंय.
खिडकीबाहेर बंदराचा धूर, खारट उजेड,
आणि मी, प्रवेश विभागातली नोंदणी सहायक,
लाल पेनानं रकाने मारत बसलेय.

कबिला : काढला.
वडिलांचं राष्ट्रीयत्व : डॉ. झुवैना म्हणाल्या, काढा.
जन्मगाव : इथे हबीबसाहेब, आमचे कायदा सल्लागार,
चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.
‘गाव विचारलं की कबिला कळतो.
तुमच्याकडेही असंच का?’
म्हटलं, आमच्याकडे तर
पाणी ओंजळीत घेतलं की पेल्यात, यावरूनही कळायचं.
ते हसले नाहीत.

सगळे रकाने गेल्यावर
फॉर्म कोरड्या पाटासारखा दिसायला लागला.
उरले फक्त गुण.
पंचाण्णव, त्र्याण्णव, बाण्णव,
सगळे किनाऱ्यावरचे,
सगळ्यांच्या शिकवण्या एकाच गल्लीत.
‘हेच न्याय्य,’ अर्थशास्त्राचे सर म्हणाले,
‘आकड्याला ना कबिला ना देश.’
मी इतिवृत्त लिहीत होते. तेही लिहून घेतलं.

नांदेड, चौऱ्याण्णव साल.
फळ्यावर डकवलेली यादी, माझं नाव अकरावं,
नावापुढे कंसात दोन अक्षरं.
कारकुनानं नाव हळू वाचलं, अक्षरं मोठ्यानं.
त्या दोन अक्षरांनी दार उघडलं,
हे मी कुणाला नाकारू देणार नाही.
आणि तीच दोन अक्षरं पुढची तीन वर्षं
प्रयोगशाळेत, माझ्या स्टुलावर
माझ्याआधी येऊन बसलेली असायची.

म्हणून परवाच्या बैठकीत, कुणी विचारलं नसताना,
एक ओळ पुढे केली :
‘इथवर कुठल्या वाटेनं आलात? दीडशे शब्दांत सांगा.’
जागा राखायची नाही. रक्त विचारायचं नाही.
वाचणाऱ्याला नाव दिसणार नाही.
दोघांनी वाचायचं, जुळलं नाही तर तिसऱ्यानं.
हबीबसाहेब म्हणाले, हे टिकेल.
मग म्हणाले, बहुतेक.

चाचणीला दोनशे उत्तरं आली.
डोंगरातल्या एका मुलीचं :
‘कोरड्या नदीला पूर आला की शाळेची गाडी पलीकडेच थांबते.
भौतिकशास्त्राचा पेपर मी ओल्या बुटांत दिला.’
गुण एकाहत्तर.
कुणा शिंप्याच्या पोराचं :
‘दुपारी काजं-बटणं, रात्री गणित.
दुकानातला दिवा मालकाचा, म्हणून गणित दहापर्यंत.’
आणि एक, पंचाण्णववाल्याचं, दीडशेतले फक्त सहा शब्द :
‘वाट आठवत नाही. गाडीतून सोडलं जायचं.’
त्याच्या कागदावर मी हळूच एक टिंब दिलं.
खोटं बोलला नव्हता.

काल मसुदा वरून परत आला.
एकाच शब्दाखाली रेघ : वाट.
समासात, बारीक हिरव्या शाईत : व्याख्या जोडा.

सगळे गेले. बादली भरली होती, ओतून आले.
बांगेचा आवाज आला, थांबला,
बंदरावरचे दिवे लागले.

‘वाट म्हणजे अर्जदार जिथून निघाला आणि जिथे पोचला
त्यांच्यामधलं अंतर; किलोमीटरमध्ये नव्हे,’
इथे अडले. त्या मुलीची नदी आठवली.
खोडलं. लिहिलं, ‘किलोमीटरमध्येही.’
पुढे, ‘यात पूर, दिवा आणि बूट समाविष्ट.’

हबीबसाहेब बूट काढायला लावतील, ठाऊक आहे.
काढीन.
दिव्यासाठी मात्र भांडणार.